बारोलोच्या टेकड्यांत न पिणाऱ्या आईबाबांना न्यावं का?

चिंचवडचा_तोरिनोकर
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सध्या तोरिनोत आहे (गाड्यांची कंपनी, चिंचवडचा माणूस इथे अजून कशाला येणार). ऑक्टोबरात आईबाबा येतायत. ऑफिसातले सगळे इटालियन एकच सांगतात, लांगेच्या टेकड्यांत घेऊन जा, गाडीने तास-सव्वातास, बारोलो ही वाईन तिथेच होते, पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखालची महागडी अळंबी) सीझन असतो वगैरे. अडचण अशी की बाबा दारूला शिवत नाहीत आणि आई अंडंसुद्धा खात नाही. मग नुसत्या द्राक्षाच्या बागा बघायला एवढं जायचं का? बाबा कृषी खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे बागा बघून अगदीच बोअर होणार नाहीत, पण दोन दिवस?

आणि आता ज्यावरून मार पडेल ते पण लिहूनच टाकतो. बारोलो मला तरी नावाचे पैसे वाटते. ४५ युरोची बाटली घेतली, २०२० ची, रंग बघितला तर पातळ, ग्लासातून पलीकडचं दिसतंय, पहिल्या घोटालाच तोंड कोरडं. त्यापेक्षा इथलीच ९ युरोची बार्बेरा रोजच्या जेवणाबरोबर मस्त जाते. "राजांची वाईन आणि वाईनचा राजा" हे लेबलवर छापून काय होतं? पुण्यातला एक मित्र मात्र बारोलोच आण म्हणून मागे लागलाय.

तर दोन प्रश्न. आईबाबांना नेऊ का, आणि बारोलोत नक्की असं काय आहे?

कोथिंबीरवडी
रुमाल टाकून ठेवतेय. सावकाश वाचेन.

आडवाटेचा
२०२० ची बाटली उघडली कधी, उघडून किती वेळ ठेवली आणि सोबत काय खाल्लं, ही तीन उत्तरं दे, मग बोलू.

चिंचवडचा_तोरिनोकर
गेल्या महिन्यात उघडली, लगेच ओतली. सोबत चिकन रस्सा होता, कांदा-लसूण मसाला घरून आणलेला 😀

आडवाटेचा
वाटलंच. बस आता, जरा लांबण लागेल.

बारोलो शंभर टक्के नेब्बियोलो या एकाच द्राक्षाची. या द्राक्षाची साल पातळ आणि त्यात रंग कमी, म्हणून ग्लासातून पलीकडचं दिसणारच, ती पातळ आहे म्हणून नाही. पण टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही जबरदस्त. कच्ची सुपारी चावल्यावर तोंड कसं आकसतं तसला तुरटपणा कोवळ्या बारोलोत असतो, आणि त्यावर तू तिखट रस्सा घेतलास. टॅनिन आणि मिरची एकत्र आल्या की दोन्ही जास्त बोचतात. तिखटाबरोबर तुझी बार्बेराच बरोबर, कारण तिच्यात टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर. म्हणजे जीभ बरोबर आहे, ताट चुकलं.

नियमच असा आहे की कापणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने झाल्याशिवाय बारोलो म्हणून विकता येत नाही, त्यातले किमान १८ महिने लाकडात. रिझेर्व्हा लिहायचं असेल तर ६२ महिने. आणि एवढं करूनही ती बाजारात येते तेव्हा कोवळीच असते. चांगल्या वर्षाची असेल तर दहाएक वर्षांनी टॅनिन बसतं, रंग विटकरी-नारिंगी होतो आणि गुलाब, डांबर, सुकी पानं, असले एकमेकांशी संबंध नसलेले वास एकाच ग्लासातून यायला लागतात. डांबर वाचून हसू नका, नव्या रस्त्याचा वास ज्याला आवडतो त्याला कळेल. सोबत सावकाश शिजलेलं मांस पाहिजे. तिकडे ब्राझातो करतात, बीफचा मोठा तुकडा बारोलोतच तासन्‌तास शिजवतात. मांसातलं प्रोटीन आणि चरबी टॅनिनला धरतात आणि वाईन एकदम मऊ लागते.

आता इतका धीर नसेल तर "लांगे नेब्बियोलो" असं लेबल असलेली घे, तेच द्राक्ष, बऱ्याचदा तोच शेतकरी, १५-२० युरो, लवकर पिण्यासारखी.

खडूस_काका
आडवाटेचा यांचं बाकी मान्य, पण चिंचवडकराचा मुद्दा त्यांनी उडवून लावला. नावाचे पैसे आहेतच! तिथे चांगल्या उतारावरची जमीन हेक्टरला दहा लाख युरोच्या पुढे गेलीये, कान्नूबीसारख्या टेकडीवर तर विचारायलाच नको. २०१६ मध्ये विएत्ती हे कास्तिलियोने फाल्लेत्तो गावचं वाईनचं जुनं घराणं अमेरिकेत पेट्रोलपंपांची साखळी चालवणाऱ्या उद्योगपतीने घेतलं. जमिनीचा भाव असा झाला की शेतकऱ्याच्या दोन पोरांपैकी एकाला दुसऱ्याचा वाटा विकत घेता येत नाही, मग विकायचं कोणाला, तर बाहेरच्याला. तो सगळा भाव शेवटी बाटलीतच येतो. जाकोमो कॉन्तेर्नो वायनरीच्या मोनफोर्तीनो या बारोलोची बाटली हजार युरोच्या पुढे, ती पितो कोण, तिजोरीत ठेवतात.

आणि "राजांची वाईन" हे मार्केटिंग आजचं नाही, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. बारोलोची मार्केझा जुलिया फाल्लेत्ती आणि पुढे इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला कावूर, या बड्या लोकांनी ती तोरिनोच्या दरबारात पोचवली. राबणारा माणूस त्या गोष्टीत कुठेच नाही.

मिलानची_मावशी
काका, राबणारा माणूस त्या गोष्टीत आहे, फक्त तो नंतर येतो. आणि माझ्या मते तीच खरी गोष्ट आहे.

मी इकडे बरीच वर्षं राहतेय, नवऱ्याचं आजोळ कुनेओ जिल्ह्यातलं, म्हणजे लांगे ज्या जिल्ह्यात आहे तिथलंच. त्याच्या आजीच्या पिढीतली माणसं लांगेचं नाव काढलं की वाईनबद्दल नाही, भुकेबद्दल बोलायची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि नंतरची कितीतरी वर्षं हा भाग गरीब होता. मालक-कुळ पद्धत, पोरांना लहान वयातच दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून ठेवायचे, जेवणाला पोलेन्ता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी). युद्धात जर्मन आणि फॅसिस्टांविरुद्ध पार्टिझान (गनिमी लढणारे) याच टेकड्यांत लढले, १९४४ मध्ये त्यांनी आल्बा शहर २३ दिवस ताब्यात ठेवलं होतं. युद्धानंतर तरुण पोरं तोरिनोला फियाटमध्ये निघून गेली. अख्ख्या वाड्या ओस पडल्या. त्यातल्या त्यात वाचवलं आल्बाच्या फेरेरोने, हो तोच न्युटेलावाला. १९४६ ची कंपनी. कोको मिळत नव्हता आणि हेझलनट टेकड्यांवर भरपूर, म्हणून दोन्ही मिसळून विकायला सुरुवात केली. कंपनीच्या बस टेकड्यांवरच्या गावांतून कामगारांना ने-आण करायच्या, त्यामुळे माणसं कारखान्यात काम करून संध्याकाळी आपल्या बागेत परत येऊ शकली. बागा टिकल्या त्या पगारावर.

तेव्हा द्राक्षाला भाव कोण ठरवायचं? व्यापारी. कापणीच्या दिवसांत आल्बाच्या चौकात शेतकरी गाड्या भरून उभे, आणि व्यापारी थांबून राहायचे, कारण संध्याकाळपर्यंत माल खराब व्हायला लागतो हे दोघांनाही माहीत. १९५८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. शेजारच्या बार्बारेस्को गावात तिथल्या पाद्रीबाबांनी, फियोरीनो मारेंगो यांनी, १९ छोट्या शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी वायनरी काढली, पहिले तीन हंगाम तर चर्चच्या तळघरात वाईन केली. आणि बारोलोच्या बाजूला आर्नाल्दो रिव्हेरा, पेशाने शाळामास्तर आणि कास्तिलियोने फाल्लेत्तोचे महापौर, यांनी तेर्रे देल बारोलो ही सहकारी संस्था उभी केली. दोन्ही आजही चालू आहेत.

उसाचा_फड
थांबा थांबा मावशी. मास्तर, गावचा पुढारी, सहकारी संस्था, १९५८... हे अकलूज-सांगली-नगर चाललंय का इटली? चेअरमन पुढे आमदार झाला का ते सांगा 😂

खडूस_काका
आणि बिलं थकवली का तेही.

मिलानची_मावशी
😂 नाही हो. बार्बारेस्कोची सहकारी आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या सहकारी वायनऱ्यांपैकी धरतात. सभासद ५० च्या आसपासच, म्हणजे जाणूनबुजून छोटी ठेवलीये, आणि सभासदाला पैसे वजनावर नाही, द्राक्षाच्या प्रतीवर. सभासदाने आपलं सगळं नेब्बियोलो संस्थेलाच घालायचं. चांगल्या वर्षी नऊ वेगवेगळ्या टेकड्यांच्या वेगळ्या बाटल्या काढतात, अझिली, राबाया, मोन्तेस्तेफानो वगैरे. आणि चिंचवडकरा, तू पैशाचं म्हणालास ना, यांची साधी बार्बारेस्को घे. तेच नेब्बियोलो, नियम जरा सैल, २६ महिने, किंमत बारोलोपेक्षा बरीच बरी.

उसाचा_फड
सगळं उत्पादन संस्थेलाच घालायचं आणि पैसे प्रतीवर, हे आमच्याकडे रिकव्हरीवर (उसातून किती टक्के साखर निघाली त्यावर) उसाचा भाव ठरतो त्यासारखंच, फक्त आमच्याकडे रिकव्हरी अख्ख्या कारखान्याची काढतात, त्यामुळे चांगला ऊस लावणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. तिथे प्रत्येकाच्या गाडीचं वेगळं मोजतात म्हणजे डोकं आहे.

बाय द वे, आमच्या अकलूजलाच इटालियन भावांबरोबर भागीदारीत फ्रातेल्ली वायनरी उभी राहिली, सांजोव्हेजे द्राक्ष लावलंय. तेही बारोलोच का?

आडवाटेचा
नाही, सांजोव्हेजे टस्कनीचं, कियांती वाईनवालं. नेब्बियोलो आपल्याकडे कोणी लावून पाहिलं तरी मला शंका आहे. ते पिएमोंते (लांगे ज्या प्रांतात आहे तो) आणि आसपासचा भाग सोडून जगात फारसं कुठे रमतच नाही. वाल्तेल्लिना, गात्तिनारा, कारेमा, सगळं आल्प्सच्या पायथ्याचं.

निफाडकर
आता माझ्या कामाचं निघालं. घरची चार एकर टेबल द्राक्षं, थॉमसन. दोन वर्षं वाईनची द्राक्षं पण एका कंपनीला करारावर दिली होती, नंतर बंद केली, भाव परवडला नाही. कंपनीचं नाव नको.

प्रश्न असे:
एकरी माल किती काढतात? छाटणी कशी? आणि गारपिटीला काय करतात?

आडवाटेचा
निफाडकर दादा, मला वाचून माहिती आहे ती सांगतो. बारोलोला कायद्यानेच हेक्टरी ८ टनाची मर्यादा, म्हणजे एकरी सव्वातीन टन. त्याच्या वर गेलात तर बारोलो लिहायचं नाही. त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये हिरवे घड कापून खाली टाकतात.

छाटणी एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी असं दोनदा नाही, कारण त्यांच्याकडे थंडी वेलीला झोपवते, आपल्याकडे कात्रीने झोपवावं लागतं. आणि तुम्हाला आवडेल असं, नेब्बियोलोच्या काडीवर बुडाकडचे पहिले काही डोळे फळ देत नाहीत. म्हणून एक लांब काडी ठेवून ती तारेवर आडवी बांधतात, आखूड छाटलं तर घडच नाहीत.

निफाडकर
अरे हे तर आमच्या थॉमसनसारखंच, खालच्या डोळ्यात माल नसतो, म्हणून सबकेन (शेंडा मारून काढलेली बाजूची काडी) करतो. एकरी सव्वातीन टन म्हणजे मात्र पोटात गोळा आला. आम्ही १० टन काढतो तरी औषधांचा खर्च निघता निघत नाही. घड कापून खाली टाकायचे म्हणजे माझ्या आईने मला टाकलं असतं.

मिलानची_मावशी
गारपीट तिकडेही रडवते. एका टेकडीवर सगळं झोडपलेलं आणि पलीकडची शाबूत. काहींनी वेलींच्या बाजूने जाळ्या लावल्यात. डाऊनी-भुरी दोन्ही आहेत. त्यात आता फ्लाव्हेसेन्स दोरे म्हणून एक रोग आलाय, तुडतुड्यांमधून पसरतो, वेल उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही. आणि २०२२ च्या दुष्काळात तर हिवाळाभर बर्फ-पाऊस दोन्ही नव्हते.

नेब्बियोलो वसंतात सगळ्यात आधी फुटतं आणि पिकतं सगळ्यात शेवटी. म्हणून थंडीचा तडाखाही त्यालाच आणि पावसाचाही. पूर्वी कापणी ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जायची, आता उष्णतेने बऱ्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उरकते. लावायची पण फक्त उतारावर, दरीच्या तळाला नाही, उत्तरेकडच्या उतारावर नाही. जुने लोक सांगायचे हिवाळ्यात बर्फ जिथे आधी वितळतो तिथे नेब्बियोलो लाव. बाकी ठिकाणी दोल्चेत्तो, बार्बेरा, आणि अगदी वर हेझलनट. आता तापमान वाढल्यावर उत्तरेचा उतारही मोकळा करा असा सूर निघाला आणि त्यावरून बरीच वादावादी झाली.

पाचपोच
एवढं सगळं वाचलं. माफ करा पण एक सांगायचंय. दारूला संस्कृती म्हणायची ही हल्लीची फॅशन आहे. २०२२ मध्ये आपल्या सरकारने सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा शेतकऱ्यांचं हितच पुढे केलं होतं. इथेही तेच चाललंय. आणि इटलीत वाईनमुळे माणसं मेलीच नाहीत का?

आडवाटेचा
मेली. आणि याच भागातून. १९८६ मध्ये स्वस्त वाईनमध्ये डिग्री (अल्कोहोलचं प्रमाण) वाढवायला मिथेनॉल घातलं, २० हून जास्त माणसं गेली, कित्येक आंधळी झाली. माल ज्याने पुरवला तो व्यापारी नार्झोलेचा, बारोलोपासून फार लांब नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मारली ते हेच विष. बारोलो त्यात नव्हती, पण इटालियन वाईनची निर्यात धाडकन खाली आली. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या आणि लोकांनी "कमी पण नीट" हा रस्ता धरला. पाचपोच, तुमचा मुद्दा मी टाळत नाहीये, पण ज्यांनी विष घातलं ते स्वस्त माल विकणारे होते.

पाचपोच
उत्तराबद्दल आभार. मत बदललेलं नाही.

कोथिंबीरवडी
वाचून झालं! मला बारोलोवाल्यांच्या त्या जुन्या-नव्या भांडणाबद्दल कोणीतरी सांगा ना, करवत घेऊन वडिलांची पिंपं कापली तो कोण?

आडवाटेचा
एलिओ आल्तारे, ला मोर्राचा. सत्तरच्या दशकात पोरगा बर्गंडीला जाऊन आला, तिथले शेतकरी चांगल्या गाड्यांतून फिरताना बघून आला आणि आपल्याकडे का नाही हे डोक्यात बसलं. १९८३ मध्ये चेनसॉ घेऊन वडिलांचे जुने मोठे लाकडी बोत्ती (पिंपं) कापून टाकले, फ्रेंच ओकची छोटी २२५ लिटरची पिंपं आणली, त्यांना 'बॅरिक' म्हणतात. वडिलांनी वारसातून नाव काढलं. मग ऐंशी-नव्वदच्या दशकात दोन तट. नवे म्हणायचे रस सालीबरोबर थोडे दिवसच ठेवा, छोट्या नव्या पिंपात घाला, लवकर मऊ होते, अमेरिकेतले समीक्षक मार्क देतात. जुने म्हणायचे महिना-दीड महिना सालीबरोबर राहू दे, मग मोठ्या जुन्या बोत्तीत वर्षानुवर्षं. बारोलो गावचा बार्तोलो मास्करेल्लो हा जुन्यांचा म्होरक्या. व्हीलचेअरवर बसून स्वतः हाताने लेबलं रंगवायचा, त्यातलं "नो बॅरिक, नो बेर्लुस्कोनी" हे जगभर गाजलं. तो चार वेगवेगळ्या उतारांची द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो काढायचा, त्याची मुलगी आजही तसंच करते, जेव्हा की बाकी बरेच जण प्रत्येक टेकडीची वेगळी बाटली विकतायत.

आता भांडण बऱ्यापैकी विझलंय, बहुतेक जण मधे कुठेतरी आलेत. पण माझा कल जुन्यांकडे. नव्या ओकची व्हॅनिला प्यायची तर ती कुठल्याही देशातली पिता येते.

खडूस_काका
तिथेही मतभेद नोंदवतो. नव्या पोरांमुळे बाजारात नाव झालं आणि त्या पैशावर जुने टिकले. स्वच्छ तळघरं, कमी माल, हे त्यांनीच आणलं. रोमँटिक व्हायला सोपं असतं.

आणि टेकड्यांच्या नावाचंच काढलंत तर २०१० मध्ये बारोलोच्या हद्दीतल्या १८१ जागांची अधिकृत यादी झाली. लगेच कान्नूबीवरून कोर्टबाजी. मूळ कान्नूबी १५ हेक्टर, पण आजूबाजूचे कान्नूबी बोस्की, कान्नूबी मुस्कातेल वगैरे धरून ३४. आजूबाजूच्यांना नुसतं "कान्नूबी" लिहिता येईल का, एवढ्यावरून खालच्या कोर्टाने एक सांगितलं, २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने उलटं सांगितलं, आजूबाजूचे जिंकले.

निफाडकर
बांधाची भांडणं इटलीतही आहेत हे ऐकून फार बरं वाटलं. आता सुखाने झोपतो.

गोगलगाय७
धागा मूळ प्रश्नापासून आल्प्स ओलांडून गेलाय. त्या माणसाच्या आईबाबांचं काय झालं?

मिलानची_मावशी
खरंच की. चिंचवडकरा, ने त्यांना. दोन दिवस पुरेत, आणि वाईन न पिता कंटाळा येणार नाही, विशेषतः बाबांना.

शनिवार-रविवार टाळ. ऑक्टोबर ते डिसेंबर सुरुवातीपर्यंत आल्बात ट्रफलची जत्रा असते, वीकेंडला पार्किंग मिळत नाही. अपवाद म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीची गाढवांची शर्यत, शेजारच्या आस्तीच्या घोड्यांच्या शर्यतीची टिंगल म्हणून आल्बाचे लोक गाढवं पळवतात, गाढवं अर्थातच पळत नाहीत. आईला आवडेल.

पहिल्या दिवशी ला मोर्राच्या वरच्या चौकात जा. तिथून अख्खा बारोलोचा पट्टा समोर पसरलेला दिसतो. मग खाली ब्रुनातेच्या बागेत रंगीबेरंगी चॅपेल आहे, कधीच पूजाअर्चा न झालेलं, १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलाकारांनी रंगवलं. मग ग्रिंझाने कावूरचा किल्ला, कावूर तरुणपणी तिथला महापौर होता, आत जुन्या शेतीची अवजारं, पिंपं करणाऱ्याची कार्यशाळा असं सगळं मांडलंय, बाबा तिथून निघायचे नाहीत. बारोलोच्या किल्ल्यातलं वाईनचं म्युझियम मला जरा जास्तच नाटकी वाटतं, वेळ उरला तर. दुसऱ्या दिवशी सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते ही गावं. ला मोर्राकडची वाईन जरा मऊ आणि लवकर खुलणारी, सेर्रालुंगाकडची कडक आणि वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारी, मातीतच फरक आहे, हे बाबांना नुसतं ढेकळं हातात घेऊनही बघता येईल.

आणि तू गाड्यांतला माणूस, क्रिस बँगल माहीत असेलच, बीएमडब्ल्यूचा माजी डिझायनर. तो लांगेतच क्लावेझानाला राहतो. त्याने २०१० मध्ये आपल्या घराजवळ एक अवाढव्य लाल बाक बनवला, मोठी माणसं त्यावर बसली की पाय लोंबकळतात. आता तसे बाक सगळीकडे झालेत. आईबाबांचा फोटो काढच.

चिंचवडचा_तोरिनोकर
मावशी, बँगल तिथे राहतो?? हे ऑफिसात कोणी सांगितलं नाही, सगळे ट्रफल ट्रफल करत बसतात. बाबांना ढेकळं हातात घ्यायची कल्पना एकदम पसंत. आईच्या खाण्याचं काय करू?

मिलानची_मावशी
ते मात्र जपून. ताजारिन नावाच्या बारीक शेवया सगळीकडे मिळतात, दिसायला निरुपद्रवी पण त्यात नुसते अंड्याचे बलक असतात, किलोला वीस-तीस. प्लिन म्हणजे छोट्या करंज्या, आत मांस. बान्या काउदा भाज्यांबरोबर येते, पण त्यात अँचोव्ही मासे. फोन्दुता चीजची, त्यातही बलक. उरतं काय तर पोलेन्ता आणि चीज, भाजलेल्या सिमला मिरच्या (वर अँचोव्ही नको म्हणून सांगायचं), न्योक्की असतील तर अंडं आहे का विचारायचं. हेझलनट केकमध्ये अंडं असतंच बहुतेक, त्यापेक्षा भाजलेले हेझलनट पाकिटातले घे. आणि जेवणाचं टेबल बुक करतानाच "सेन्झा उओवा, सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" असं लिहून पाठव, ऐनवेळी सांगितलंस तर सॅलड आणून ठेवतात.

आडवाटेचा
चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, हे काकूंना सांगू नका.

कोथिंबीरवडी
सांगू नका कसं? खाणाऱ्याला माहीत असायला नको?

मिलानची_मावशी
कोथिंबीरवडीशी सहमत. विचारून घे आईला. घरून थालीपीठ-लसणीची चटणी बांधून नेलीस तर बाकावर बसून खाता येईल, तिथे कोणी काही म्हणत नाही.

वायनरी एकच बघ, आधी बुक करून, आणि कापणी चालू असेल तर छोट्या घरच्यांना त्रास देऊ नको, सहकारी ठिकाणी जा. न पिणाऱ्यांना कोणी आग्रह करत नाही. चाखून थुंकायला भांडं असतं ते तुझ्यासाठी, गाडी तू चालवणार. इटलीत मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

निफाडकर
बाबांना माझा एक निरोप द्या. लांब काडीवर किती डोळे ठेवतात आणि वेलीला किती घड राखतात ते विचारून या. आणि दोन ओळींतलं अंतर.

चिंचवडचा_तोरिनोकर
बाबांना धागा वाचून दाखवला फोनवर. ते म्हणाले अंतर, ओळींची दिशा आणि माती तिन्ही लिहून घेतो, आणि हेक्टरी ८ टन ऐकून म्हणाले कायद्याने कमी पिकवायला लावणारं खातं आपण नोकरीत असताना बघायला पाहिजे होतं 😄 मंगळवार-बुधवार नक्की केलंय. हॉटेल मोनफोर्तेला.

शेवटचं एक. पुण्याच्या मित्राला किती बाटल्या नेता येतील आईबाबांबरोबर?

खडूस_काका
माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री. ७५० च्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नेली की सव्वादोन होतात. त्यावरच्या मालाला ड्यूटी इतकी की मित्राची हौस फिटेल. चेक-इन बॅगेत, कपड्यात गुंडाळून.

चिंचवडचा_तोरिनोकर
म्हणजे दोघांच्या मिळून चार.

गोगलगाय७
दारूच्या थेंबाला न शिवणारे काका-काकू मुंबई विमानतळावर चार बारोलो घेऊन उतरणार. काकूंना विचारलंयस का?

चिंचवडचा_तोरिनोकर
आई तयार आहे. बाबा म्हणतायत माझ्या बॅगेत नको, सगळ्या तिच्यात घाल.

उसाचा_फड
मग तिच्या नावावर एक लिटर जास्त झाला की हो.